वजनकाटा

ग्रेगोरेस गावात एवारिस्तोनं ट्रक थांबवला.
तूएर्तोला पायरी चढवत नव्हती,
तीन दिवस कोटात गुंडाळून वर घेत होता.

डॉक्टरीणबाई जेवून आल्या, हात पुसत.
म्हणाल्या, धरून बसा.
त्यानं धरलं.
बाहीला लागलेला मेंढ्यांचा वास
कुत्रा हुंगत राहिला,
एकुलता डोळा दाराकडे:
निघायचं ना?

जमीन गोठलेली.
पहार बाईंच्या भावानं दिली.
वारा असा, की लोटलेली माती
परत तोंडावर.

पुढे नाक्यावर काटा.
लोकर, डिझेल, माणूस,
आकडा कागदाशी जुळला.
वीस किलोंखालचं
इथं धरत नाहीत.

पावती खिशात कोंबून
सवयीनं आधी
पलीकडचं दार उघडलं त्यानं.

वारा चढून बसला.