तेवीस

मोजायचे ते श्वास नव्हेत,
दोन श्वासांमधली मोकळी जागा.

वडगावात झोप येते ती मागांच्या खटखटीवरच.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो
आणि गाढ झोपलेला विणकरही उठून बसतो,
आवाजानं नव्हे, आवाज गेल्यानं.
भरमाचा श्वास तुटतो तेव्हा
तो सोडून आम्ही सगळे जागे.

मी पेरांवर मोजते.
अकरा. बारा.
छाती हलते, पण नाकाशी धरलेल्या हाताला काही लागत नाही.
विसाला सासू पलीकडनं खाकरते.
तेवीसला मी खांदा दाबते
आणि तो विहिरीतनं वर आल्यागत
हवा ओढतो, पुन्हा बुडतो.
सकाळी म्हणतो, डोकं जड आहे, चहा कर.
दुपारी कांडी बदलताना पेंगतो.
एकदा बोट जाता जाता वाचलं.

दाढ तुटली म्हणून गेलो आम्ही, घोरण्यासाठी नव्हे.
शहापूरचा खडेबाजार, अरुंद जिना,
डॉक्टर गिरिजा मठद.
मराठी बोलतात ती कानडीच्या झोक्यावर.
"दाढ काढा आन् सोडा," भरमा म्हणाला.
त्यांनी आधी जीभ बघितली. नालिगे, म्हणाल्या.
कडेला दातांचे ठसे, करंजीच्या मुरडीसारखे.
दात झिजून सपाट, टाळू उंच, चिंचोळी.
मग शिंप्यागत टेप लावून मान मोजली.
"रात्री झोप कशी?"
"मेल्यासारखी," तो खुशीत म्हणाला.
मी म्हटलं, तेच तर.

तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या.
"अक्का, किती मोजता?"
अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तेवीस म्हटलं, आणि उगाच रडू आलं.

झोपेत जीभ मागं पडते,
गळ्याचं दार लावून घेते.
जिभेवरनं या गावात दगड पडलेत, पाट्यांना काळं लागलंय,
पण ती अंधारात धन्याचाच गळा धरते
हे मला नवीन होतं.

आधी मोठ्या दवाखान्यात एक रात्र, अंगभर वायरी.
कागद आला: तासाला एकोणीस वेळा.
तिथल्यांनी नाकावरचं यंत्र सांगितलं.
"मुसकं? मी काय बैल हाय?"
मग दोघं डॉक्टर फोनवर कानडीत बोलले,
मला एवढंच कळलं: उसिरु, उसिरु.

भरमाचे दात प्लॅस्टरमध्ये उतरले.
फळीवर आणखी कुणाकुणाच्या दातांशेजारी ठेवलेले,
एकही काही बोलत नव्हता.
पंधरवड्यानं दोन पारदर्शक वाट्या,
खालचा जबडा जरासा पुढं ओढणाऱ्या,
पोरगं हट्टाला पेटावं तसा.
शिवाय कुशीवर झोप, रात्रीचं पिणं बंद,
जीभ टाळूला चिकटवून रोज वीस वेळा.
तो व्यायाम तो मागावर करतो, टक् टक्,
शेजारचा तुकाप्पा विचारतो, कुत्रं बोलावतोस काय?

सगळं गेलं असं नाही.
सकाळी जबडा दुखतो, नऊपर्यंत भाकरी आमटीत भिजवावी लागते.
सर्दी झाली की मी पुन्हा मोजते.
सहा. सात. मग येतो.
पहिले आठ दिवस तर मला झोपच लागेना,
कामावरनं काढल्यागत पडून राहायची.

परवा वाट्या धुता धुता म्हणाला,
"तू बी घोरतीस की गं."
असेल.
मला काय माहीत, मी झोपले होते.