दोन ओली बोटं

फळ्यावर व्हर्ना बाईंच्या अक्षरात:
दोन बोटं. आधी ओली करा. हळू.
उचलायचं तर मुळीच नाही.
आणि खाली खडूने कुणीतरी:
काही झालं तर हेडली काकांना सांगा.

हेडली काका म्हणजे मी.
शाळेचा शिपाई, बॉयलरवाला,
आणि सुतारकामाच्या जुन्या वर्गातल्या
सहा फुटी टाकीचा रखवालदार,
हा हुद्दा पगारपत्रकात नाही.

पाणी आठ अंशांवर ठेवायचं.
बाहेर खाडी गोठलेली,
आत आम्ही गारव्यासाठी वीज जाळतो.
बोर्डाच्या बाईंना फोनवर हे समजावताना
माझंच मला हसू आलं.
पोरांसाठी वर्ग तापवायचा, खेकड्यांसाठी टाकी गारठवायची,
दोन्ही बिलं एकाच मीटरवर.

पैसे? मूसच्या मांसाची सोडत.
रिकाम्या बाटल्या, पाच-पाच सेंटांच्या.
केझियाच्या आईने विणलेले सोळा जोड हातमोजे;
पंधरा विकले गेले, सोळावा माझ्या हातात आहे,
पैसे अजून द्यायचेत.
मासळीचा कारखाना असता
तर त्यांनीच एका सहीत दिले असते.
पण कारखाना असता तर शाळेत अकराच पोरं नसती,
आणि सुतारवर्ग रिकामा नसता.

थेंबे थेंबे तळं साचतं, खरं आहे.
उलटंही होतं, ते मी रोज सकाळी बघतो:
काचेवर चिकटवलेल्या पट्टीच्या बोटभर खाली
उतरलेलं पाणी.
छोटा अँब्रोज बादली घेऊन धक्क्याकडे निघाला होता,
समुद्राचं कमी झालं तर समुद्राचंच भरायचं ना.
थांबवला. म्हटलं, उडून जातं ते नुसतं पाणी.
मीठ मागेच राहतं.
भरपाई गोड्या पाण्याने करायची,
नाहीतर जे उरलेत
ते उरलेल्या मिठातच मरतात.

त्याने मान हलवली.
त्याचा बाप अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर.
तीन आठवडे तिकडे, एक इकडे.
दिवसभर तो काही बोलला नाही.
मीही नाही.

फेब्रुवारीतल्या वादळात वीज गेली.
रात्रभर सायकलचा पंप, रबरी नळी आणि मी.
शंभर दाबले की हात बदलायचा.
टॉर्चच्या उजेडात समुद्रकाकडी पडलेली,
जगाचं काही देणं लागत नसल्यासारखी.
चाळीस वर्षं मी ह्यांना जाळ्यातून सोडवून
शिवी हासडत भिरकावत आलो.
तारामाशाला एक हात नव्हता,
माझ्यासारख्याच कुणीतरी ओढला असणार.
पहाटे चारला बघतो तर त्या जागी
तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी.
मी पंप मारत राहिलो.
मोजायचं मात्र विसरलो.

अनुदानाच्या अर्जात रकाना आहे:
परिणाम, आकड्यांत.
व्हर्ना बाई पेन चावत बसलेल्या.
म्हटलं, लिहा: हात एक, वाढतोय.
त्या हसल्या, आणि लिहिलं: लाभार्थी अकरा.
बरोबरच आहे.
त्या रकान्यात तेवढंच मावतं.

जूनमध्ये टाकी रिकामी करायची, परवान्यात तसं आहे.
जिथून आणलं तिथेच, ओहोटीला, एकेक करून.
तारामासा केझियाने नेला,
दोन्ही तळव्यांवर, नियम मोडून.
मला शंखातल्या खेकड्यांत फार काम होतं.
सोडल्यावर तिने हात फ्रॉकला पुसले नाहीत,
तसेच धरून घरी गेली,
वाऱ्यावर वाळेपर्यंत.

सप्टेंबरचं माहीत नाही.
चिलर घरघरतो, म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
नवा घ्यायचा तर, बाईंनी हिशेब केलाय,
तीन मूस लागतील.

अर्धा माझ्या फ्रीझरमध्ये आहे.