वीतभर निळं

वॉटरपार्कच्या पाटीवर चित्रं आहेत.
ढगळ चड्डीवर लाल फुली.
गुडघ्यापर्यंतची, फुलाफुलांची, खिसेवाली,
सगळ्यांवर फुली.
चालेल ती फक्त अंगाला चिकटणारी, वीतभर.
एनोरानं फोनवरून वाचून दाखवलं मला सगळं,
पडलेल्या दाताच्या फटीतून,
एखाद्या न्यायाधीशासारखं.
"आणि टोपी, बाबा. टोपीशिवाय पाण्यात सोडत नाहीत."

आता रात्रीचे अकरा.
पलंगावर तीन चड्ड्या मांडून बसलोय.
एक माझीच, लग्नाआधीची, इलॅस्टिकनं जीव सोडलेला.
एक मेहुण्याची, तिच्यावर शार्क.
शार्कचं तोंड नेमकं कुठे येतं ते बघून
स्वाझिग हसत हसत भिंतीला टेकली,
मग खाली बसली.
तिसरी नवी, गडद निळी, नऊ युरोंची.
पुडीतून काढली आणि मुठीत मावली.
याहून मोठी कोळंबी मी परत समुद्रात फेकलीय,
लहान म्हणून.

चौतीस वर्षं पाण्यावर जाताना कपडे करतोय मी.
पहाटे तीनला, दिवा न लावता.
लोकरीचे मोजे, त्यांवर मोजे,
जाड स्वेटर, छातीपर्यंत चढणारी पिवळी विजार,
बूट, मनगटांना रबर,
मानेशी टॉवेल खोचलेला,
थेंब आत जाता कामा नये.
समुद्राशी माझा करार एवढाच:
तू बाहेर, मी आत.

पोहता येत नाही मला.
वडिलांनाही येत नव्हतं.
गिल्विनेकच्या धक्क्यावर हे कुणी कुणाला विचारत नाही.
पाण्यात पडलं की पोहता येतं,
असं शहाणी माणसं सांगतात.
एर्वे पडला नोव्हेंबरात.
आधी त्याचे बूट भरले.
आम्हाला टोपी सापडली.

निळी घालून आरशासमोर उभा राहिलो.
चेहरा तांब्याचा. हात कोपरापर्यंत तांब्याचे.
मानेवर एक रेघ,
आणि रेघेखाली सोल माशाचं पोट,
पांढरं, ओशाळलेलं, प्रकाशाची सवय नसलेलं.
दोन माणसं घाईत एकत्र शिवावीत तसा दिसतो मी.
डाव्या मांडीवर तारेच्या दोराचा वळ,
तो स्वाझिगला ठाऊक
आणि ब्रेस्टच्या इस्पितळातल्या एका नर्सला.
उद्या अख्ख्या कँपेरला.
पोट आत घेतलं. श्वास सोडावाच लागला.

टोपी मात्र घट्ट बसते.
दोनदा ओढून पाहिली.
ही सुटायची नाही.

दार किलकिलं झालं.
एनोरा. पोहण्याच्या कपड्यातच झोपली होती,
कपाळावर गॉगल, गालावर उशीचा वण.
तिनं मला टोपीपासून पायापर्यंत पाहिलं,
लिलावात पेटी पाहतात तसं,
सावकाश, भाव न सांगता.
"तुझे पाय किती बारीक आहेत," ती म्हणाली.
मग जरा थांबून,
"पाणी तिथे कमरेपर्यंतच असतं, बाबा.
तुझ्या कमरेपर्यंत नाही, माझ्या."
आणि गेली झोपायला.

कुणी सांगितलं हिला?
शाळेत पोहायला शिकवतात त्यांना, मंगळवारी.
पण ते नव्हतं विचारायचं मला.

निळी घडी करून पिशवीत ठेवली.
घडी कसली, रुमालाचीही मोठी होते.
टोपी ठेवली. टॉवेल ठेवला.
पिशवी उचलून पाहिली, वजनच नाही.
इतक्या कमी सामानानिशी
मी पाण्याकडे कधी गेलेलो नाही.
हात उगाच कपाटात चाचपत राहिला,
स्वाझिग काही बोलली नाही,
आणि शेवटी मी लोकरीचे मोजे टाकले आत.
दोन जोड्या.
असू द्यात.