हरवलं-सापडलं

साखीरच्या वाळवंटात तीन दिवस विमानमेळा होता.
मनामाच्या दवाखान्यातून रजा टाकून मी
दिवसाला बारा दिनारांवर बसले होते
हरवलं-सापडलंच्या टेबलाशी,
गेट चारच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.
सावली सरकायची तसं टेबल सरकवायचे.

वर विमानं आभाळ टराटरा उसवत होती.
लोक माना वर करून चालतात,
म्हणून तर खाली इतकं हरवतं:
चष्मे, लहानग्यांचे एकेक बूट,
एकदा तर आख्खं मूलच,
हातात अर्धं सँडविच, डोळ्यांत टिपूस नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोफिजुल आला.
नारिंगी डगला, भुवयांवर वाळू,
आणि घट्ट मिटलेल्या मुठीतून
बारीक सूं येत होतं,
कुकरची शिटी धरण्याआधी येतं तसं.
मूठ उघडली. कानात घालायचं यंत्र.
वाळूच्याच रंगाचं, शेंगदाण्याएवढं.

म्हणाला, दोन विमानांच्या मधे
क्षणभर सगळं गप्प झालं
आणि माझी कचऱ्याची पिशवी वाजली.
रातकिडा वाटला आधी.
मग तंबूमागे जाऊन पिशवी उपडी केली,
पिस्त्याची टरफलं, चहाचे पेले,
एकेक बाजूला केलं.
पण माझं नाव लिहू नका, बाई.
माझी हद्द गेट दोनपर्यंत.
इथवर आलो हे कळलं तर आजचा दिवस कापतील.

शोधणाऱ्याचं नाव: हा रकाना
रिकामा ठेवलेला चालत नाही.
सात वर्षं मी पेशंटची नावं लिहितेय,
काना-मात्रासुद्धा चुकवलेली नाही.
मी लिहिलं, तोडणकर.

ऊन उतरल्यावर हाजी अब्दुलरसूल आले, नातवाचा हात धरून.
आवाज सोसेना म्हणून काढून ठेवलं होतं म्हणे,
ठेवलं कुठे तेच आठवेना.
यंत्र पुसलं, कानात बसवलं, डोळे मिटले.
मी फॉर्मवर तारीख घालत होते.
"पोरी," ते म्हणाले, "तुझं पेन फार करकरतं."

मग वीसची नोट स्टेपलरखाली सरकवली.
मी नको म्हटलं, तीनदा.
नुकतंच ऐकू यायला लागलेल्या माणसाला
तेवढं मात्र ऐकू आलं नाही.
फॉर्मवरचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, अडखळत:
तो-डण-कर. अल्ला तुझं भलं करो.
दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पाकीट
हातात पडावं तशी मी बसून राहिले.

तिसरा दिवस त्याला शोधण्यात गेला.
नारिंगी डगले शे-दीडशे तरी असतील,
आणि मला चेहरा आठवत नव्हता, फक्त मूठ.
नोट हातात धरूनच विचारत सुटले,
काल कानातलं यंत्र तुम्हालाच सापडलं ना?
तिथल्या कुणाचीही ती आठवड्याची मजुरी.
नुसतं हो म्हटलं असतं तर मी देऊन मोकळी झाले असते.

एक नेपाळी झाडू टेकवून
हँगरपर्यंत सोबत आला.
करीमनगरच्या एकानं नोट उन्हात धरून पाहिली,
"कोरी आहे," म्हणाला, आणि परत दिली.
मी नाही. मी नाही. पलीकडे विचारा.
कुणी पाणी पाजलं.

दिवस मावळताना सापडला,
कामगारांच्या बसच्या पायरीवर, डबा उघडून बसलेला.
नोट त्यानं न बघताच बुटात खोचली.
"ऐकू आलं का त्यांना?"
आलं, मी म्हटलं,
माझं पेन करकरतं म्हणाले.

तो इतका हसला की भाताची शितं डगल्यावर सांडली.
ती एकेक वेचून खाल्ली त्यानं.
बस सुटली.
खिडकीतून डोकं काढून ओरडला,
"मग बदला की पेन!"