फडकं

आवाज वगैरे काही आला नाही.
कॉडची मुंडकी दोरीत ओवताना
दाभण मध्येच थांबला, इतकंच.
तोर्लेइफकडे जा.

म्हटलं, प्रभू, माझ्या नवऱ्याची होडी
नऊ वर्षं दाबून बसलाय तो.
तू गप्प. जणू हे तुला नवं नव्हतं.

अकरा दिवस तुला दुसरी कामं सुचवली :
चर्चची फरशी घासते,
वेदीवर नवं कापड विणते,
उपास धरते, हवं तर चाळीस दिवस.
दाभण रोज त्याच मुंडक्यापाशी अडायचा.

बाराव्या दिवशी
लोफोटेनचा सूर्य डोंगराआडून जेमतेम डोकावला.
पाव फडक्यात बांधला, निघाले.
पायाखाली बर्फ करकरत होता,
मी त्याहून जास्त.

त्यानं दार वीतभर उघडलं.
माफी मागितली नाही, मीही देऊ केली नाही.
पाव घेतला. फडकं झटकलं,
उभ्या उभ्या चार घड्या घालून परत दिलं,
बायको गेल्यावर शिकलेल्या घड्या.

वाटेत तुला विचारलं, एवढंच?
वारा पडला होता.
वाळत घातलेले मासेसुद्धा हलत नव्हते.

होडी अजून त्याच्याच दारात आहे.
फडक्याला त्याच्या चुलीचा वास येतो.
धुवायला टाकलेलं नाही.