बावन्न पौंड

रुवीच्या या कोर्टावर ऑगस्टात
रात्री साडेआठलाही चेंडू दमट होऊन येतो,
ओल्या फडक्याच्या बोळ्यासारखा.
मी आधी वायपरनं बेसलाइनवरची वाळू ओढतो,
मग वरच्या एसींचं ठिबकलेलं पाणी,
मग नेटची मधली उंची मापतो:
एक रॅकेट उभी, तिच्यावर एक आडवी.
टेप कुणीतरी नेली, ती नेलीच.

रेसिडेंट कार्डावर माझा हुद्दा स्टोअरकीपर.
मुलं कोच म्हणतात.

शम्सा अकरा वर्षांची, डावखुरी.
सर्व्हिसला चेंडू फार मागे उडवते
आणि मग कंबर मोडून त्याच्यामागे जाते.
"उडवू नकोस गं, ठेव.
फळीवर वाटी ठेवतात तसा ठेव."
हिंदीत सांगताना फळीपाशी अडतो मी.
तिच्या बलोचीत फळीला काय म्हणतात,
त्यांच्याकडे वाट्या कुठे ठेवतात,
काही ठाऊक नाही.
ती शहाण्यासारखी मान हलवते
आणि पुन्हा मागेच उडवते.

शुक्रवारी सीबला हरली.
गाडीत बसेपर्यंत रडली नाही.
मग तिच्या अब्बांनी पेट्रोलसाठी गाडी थांबवली तेव्हा
काचेकडे बघत विचारलं,
सर, तुम्ही कधी हरलात?

एकदा. मिरजेला. सहा-शून्य, सहा-एक.

तो एक कसा जिंकलात?

त्याच्या दोन दुहेरी चुका,
एकदा चेंडू नेटवर लागून पलीकडे मेला,
आणि एकदा त्याच्या डोळ्यात चिलट गेलं.

नाक वर ओढत हसली ती.
मी आयुष्यात सामनाच तेवढा एक खेळलो
हे सांगायचं राहिलं.
तसं "एकदा"मध्ये ते आलंच होतं.

रात्री खोलीवर तिची रॅकेट मशीनला लावली.
मशीन जुनं, दांड्यावर वजन सरकवायचं,
मनिलाला परत जाणाऱ्या एकाकडून घेतलेलं.
सजीवन वरच्या बंकवर झोपलेला,
म्हणून दिवा टेबलाखाली.
उभे सोळा, मग आडवे एकोणीस.
एक वरून, एक खालून, एक वरून.

इचलकरंजीत आमच्या दोन मागांचा खडखडाट
मी कधी ऐकलाच नाही;
तो थांबला की मात्र जाग यायची.
बापू उठून ताण्यावर हाताची पालथी बाजू फिरवायचे,
ढिला धागा बोटांना कळत नाही म्हणायचे,
कातडीला कळतो.
मी क्लबात चेंडू वेचायला जायचो
ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.
एकदा फोनवर म्हणाले, तिकडं नेमकं करतोस तरी काय?
म्हटलं, जाळी विणतो.
"माशांची?"
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"विणतोस ना पण," म्हणाले.

शेवटची गाठ मारायच्या आधी
हाताची पालथी बाजू फिरवून पाहिली.
तिचा कोपर दुखतो, ती सांगत नाही,
पण पाण्याची बाटली आता उजव्या हातानं उचलते.
नेहमीच्या बावन्नचे पन्नास केलेत.
तिला बोललो नाही.

उद्या चेंडू वीतभर लांब पडेल.
रेषेच्या बाहेर गेला की
ती माझ्याकडे वळून म्हणेल, सर, वारा होता.

ऑगस्टात रुवीत वारा नसतो.

हो, म्हणेन मी. होता.