कच्चं मीठ

पहिला ट्रे फुटला.
दहाच्या दहा कुकीजनी तोंडं उघडली
आणि आतलं कॅरॅमल ट्रेभर पसरून
डांबरासारखं बसलं.
उर्वी म्हणाली, तरी सांगत होते,
सारण आधी गोठव.

मे महिना, मुलुंड पूर्व, सातवा मजला.
कागदातून काढेस्तोवर लोण्याचं पाणी होतं.
कोकोत मळलेलं पीठ हाताला चिकटतं,
हात फ्रिजच्या दाराला.
दारावर माझी पाच बोटं,
गृहप्रवेशाला भिंतीवर कुंकवाची उठवली होती तशी.

ओव्हन लावायचा तर गीझर बंद,
नाहीतर फ्यूज जातो.

मग दुसरा घाणा.
बर्फाच्या साच्यातून काढलेल्या कॅरॅमलच्या गोट्या.
एकेक पिठात ठेवून
कडा वर ओढते, चुण्या घालते, तोंड मिटते.
"अशा कळ्या मोदकाला पाडतात, आई,"
मोबाइलमधून मान वर न काढता.
हात तेच आहेत, बाई.
हातांना कुठे ठाऊक आत काय आहे.

आता ती पाकीट उघडते.
सव्वाशे ग्रॅम, चारशे नव्वद रुपये,
वर कुठल्याशा थंड देशाचा निळा समुद्र,
आत पापुद्र्यापापुद्र्याचं मीठ.

बाबा दारात येऊन उभे.
साखर बंद, मीठ बंद,
डॉक्टर शानभागांची चिठ्ठी फ्रिजवर,
तिच्यावरही आता एक चॉकलेटी अंगठा.
"केवढ्याला?"
उर्वीने सांगितलं.
बाबा हसले, मग खोकले, मग परत हसले.
पस्तीस वर्षं मिठागरात फळी ओढली या माणसाने.
गोणीमागे काय मिळायचं
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
हायवेपलीकडे अजून दिसतात ते चौकोन,
थोडे पाण्याचे, बाकी नुसत्या चिखलाचे.

चिमूटभर मीठ त्यांनी तळहातावर घेतलं.
खाल्लं नाही.
कानाशी नेऊन बोटांत चुरलं.
"कच्चा हाय. आजून दोन दिस उनान पायजे व्हता."

उर्वीने मोबाइल ओट्यावर ठेवला.
"ऐकून कसं कळतं?"
त्यांनी तिच्या चिमटीत मीठ दिलं
आणि तिचा हात तिच्याच कानाशी नेला.
दोघं बराच वेळ तशीच.
मी ओव्हनची काच पुसत राहिले.
आत बारा कुकीज
फुगलेल्या, तडकलेल्या, पण मिटलेल्या.

घंटी वाजली. ट्रे बाहेर.
मीठ गरमागरम असतानाच पेरायचं.
बाबांनी पेरलं. चिमटीने नाही,
मनगट उडवून, शेतात बी टाकावं तसं;
निम्मं ओट्यावर.
चारशे नव्वदातले दोनशे तरी गेले.

एक कुकी मोडली.
कॅरॅमलची तार ताणत ताणत तुटली.
अर्धी उर्वीला, अर्धी मला,
आणि नखाएवढा तुकडा बशीच्या कडेला राहिला.
त्याच्याविषयी कुणी काही बोललं नाही.

मी गीझर लावायला गेले.
परतले तेव्हा बशी स्वच्छ होती
आणि बाबा खिडकीशी,
बाहेर बघत,
दातांवरून जीभ फिरवत.